शिंपल्यांचा कार्बन

प्रमोदिनी जगदाळेंनी समुद्र कधी पाहिलेला नाही. त्याचा गाळ मात्र पाकिटांतून त्यांच्या टेबलावर येई, दूर हिंदी मुलखात, भंवरकुआंजवळच्या एका खासगी प्रयोगशाळेत. दूर किनाऱ्यावर एक कंपनी दोरांवर शेवाळ पिकवते. त्या शेवाळानं शोषलेल्या कार्बनपैकी किती तळाच्या गाळात साठून राहतो, हे मोजणं त्यांचं काम.

गाळात शिंपल्यांचा चुरा असतो. त्याच्या चुन्यातही कार्बन असतो. शेवाळाचा त्याच्याशी संबंध नाही. म्हणून यंत्रात जाळण्याआधी गाळ दिवसभर सौम्य आम्लात ठेवायचा. चुना फसफसत राहतो. तो आवाज पुरता विरल्याशिवाय प्रमोदिनीताई पुढचं काही करत नसत.

फाल्गुनात त्यांचे यजमान गेले. तेरावं उरकून त्या कामावर आल्या, तेव्हा शेजारच्या विभागातल्या मनीषनं चाळीस नमुने तपासून ठेवले होते. त्यांनी न वाचताच सह्या केल्या. त्या दिवसांत अक्षरं डोळ्यांपुढून नुसती सरकत.

आषाढात फेरतपासणीसाठी त्यातलंच एक पाकीट निघालं. आम्ल ओतताच गाळ उफाळून काठापर्यंत आला. इतका चुना पाहून त्यांनी जुनी नोंद काढली. आम्लाचा रकाना कोरा. खाली त्यांची सही.

त्यांनी चाळीसही नमुने पुन्हा तपासले. साठलेल्या कार्बनचा आकडा आधीच्या तिसऱ्या हिश्श्यावर आला.

"काकू, कंपनीनं तो आकडा जाहीर करून टाकलाय," प्रयोगशाळेचे प्रमुख यशवर्धन म्हणाले. "समुद्राखाली कोण बघायला जातंय? रहने दो ना."

"कोणी बघू शकत नाही, म्हणून तर आपल्याला विचारतात."

"मग दुरुस्तीत मनीषचं नाव घाला."

"बिना पढे सही मी केली. त्याला कशाला ओढू?"

"रिपोर्टवर मग यापुढे तुमची सही नाही चालणार. सोच लो."

"सोचलं," त्या म्हणाल्या.

दुरुस्तीचं पत्र त्यांनी स्वतःच्या नावानं पाठवलं. कंपनीचं उत्तर आलं नाही. जाहीर आकडाही बदलला नाही.

आता त्या बाहेरच्या खिडकीवर बसतात. महूहून, हातोदहून आलेल्या बोअरच्या पाण्याच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवतात. मंगळवारी सकाळी समुद्राचं पाकीट आलं. क्रमांक घालून त्यांनी ते आत दिलं.

जेवणाच्या सुट्टीआधीच आतल्या यंत्राची शिट्टी वाजली; सकाळचा गाळ जळूनही झाला होता.

त्यांनी जेवणाच्या डब्याची अर्धवट सोडलेली गाठ पुन्हा बांधली, आणि पुढची बाटली ओढली.