मामींचे जंत

माणसाच्या पोटातून सकाळी जे बाहेर पडतं, त्याविषयी इतक्या आदराने बोलणारी दुसरी व्यक्ती मला भेटलेली नाही, आणि भेटू नये अशीच माझी प्रार्थना आहे; कारण एका जन्माला एक मामी पुष्कळ झाल्या. त्या माझ्या सासूबाईंच्या चुलतभावाच्या पत्नी, म्हणजे नात्याने माझ्या मामेसासू. बीड जिल्ह्यातल्या एका सरकारी दवाखान्यात मी प्रयोगशाळेत मायक्रोस्कोपवर बसतो, आणि त्याच दवाखान्यात एचआयव्हीच्या रुग्णांना गोळ्या मिळतात त्या खिडकीशी मामी काम करतात. कोण आलं, कोण आलं नाही ते बघायचं, आणि जो आला नाही त्याच्या गावी जाऊन त्याला धरून आणायचं, हे त्यांचं काम. एचआयव्ही असलेल्या माणसाला जंत झाले तर ते त्याचं रक्त पितात, खाल्लेलं अंगी लागू देत नाहीत आणि आधीच थकलेल्या माणसाला आणखी खाली बसवतात, असं त्यांना एका प्रशिक्षणात सांगितलं गेलं. बाकीच्यांनी ते वहीत उतरवून घेतलं आणि ते जेवायला गेले. मामींनी ते मनावर घेतलं.

तेव्हापासून त्यांच्या खांद्याच्या पिशवीत प्लास्टिकच्या डब्या असतात. रुग्ण दिसला की डबी. चार दिवसांनी तीच डबी भरून, फडक्यात बांधून माझ्या टेबलावर. ‘जावई, घ्या तुमचा मान!’ असं म्हणून त्या ती अशा काही ठेवतात, की शेजारच्या रांगेतल्या बायकांना वाटावं, जावयाला करंज्या आल्या. मागे अधिक महिना आला. लोकांचे जावई त्या महिन्यात सासुरवाडीला जाऊन तेहतीस अनारसे घेऊन येतात. मला मामींनी महिनाभरात तेहतीस डब्या दिल्या आणि शेवटची ठेवताना म्हणाल्या, ‘वाण पुरं झालं बरं का.’ नांदूरघाटहून येणाऱ्या एसटीत एकदा कंडक्टरने त्यांच्या पिशवीकडे बोट दाखवून विचारलं, ‘काय हाय आक्का यात? वास कावून येतोय?’ मामी शांतपणे म्हणाल्या, ‘जावयाचं हाय.’ कंडक्टरने माझ्याविषयी काय मत करून घेतलं असेल, याचा विचार मी टाळतो.

दुसरं वेड चपलांचं. आकड्याचे जंत अनवाणी माणसाच्या तळपायातून शिरतात हे कळल्यापासून मामी आधी माणसाचे पाय बघतात आणि मग तोंड. एका लग्नात मामी वाकल्या, तेव्हा त्यांनी नवरीच्या पायाला नमस्कार केला असं वाटून तिची आई गहिवरली, तर मामी तिच्या टाचेच्या भेगा बघत होत्या. नवरात्रात आमच्या भागातल्या एका पुढाऱ्याने नऊ दिवस अनवाणी फिरायचा नेम केला होता. मतदार बाई समोरून येते आहे म्हणून तो बिचारा हात जोडून थांबला, तर मामी भर स्टँडवर त्याला म्हणाल्या, ‘देवीला मी सांगते, तुमी चप्पल घाला. नेम तुमचा, पर रगत पेनारा त्यो किडा हाय. त्याला काय पक्ष कळतोय?’ तो पुढारी पुढे कितीतरी दिवस मामी दिसल्या की रस्ता बदलायचा. माझ्या घरी आल्या की मामी पहिल्यांदा स्वयंपाकघरात शिरून कोथिंबीर पुन्हा धुतात. माझ्या बायकोने धुतलेली असते, मी धुतलेली असते. तरी धुतात.

पण मामींची खरी करामत शब्दाची आहे. एचआयव्हीची गोळी रोज घ्यावी लागते, जन्मभर, आणि आमच्याकडच्या दोन खोल्यांच्या घरात रोज गोळी घेणारी बाई लपत नाही. गोळी कशाची, हे विचारणारं कुणीतरी भेटतंच. त्यावर मामींनी उत्तर बसवून दिलं आहे: जंताची. एकदा मी विचारलं, ‘मामी, बीपीची म्हणावं की. ते तरी सभ्य वाटतं.’ त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. ‘बीपीची म्हनलं की शेजारीन म्हनती, मलाबी चक्कर येती, एक दे. आंगदुखीची म्हनलं की सासू मागती. जंताची म्हनलं की लोक तोंड फिरवून जात्यात. पुन्ना इचारत न्हाईत.’ आता मामींचे सगळे रुग्ण बाटलीवरचं लेबल नखाने खरवडून टाकतात आणि जंताची गोळी घेतात. तेलगावकडच्या एका गृहस्थांचे जंत गावात इतके जुने झाले आहेत, की पाहुणे आल्यावर त्यांची तब्येत विचारून झाली की जंतांचीही विचारतात.

आणि मामी स्वतः? त्यांचे यजमान ट्रकवर होते. ते जाऊन फार वर्षं झाली. जाताना आजार मागे ठेवून गेले. रोज संध्याकाळचा चहा झाला की मामी कमरेच्या बटव्यातून तशीच एक खरवडलेली पांढरी बाटली काढतात. आमच्या नात्यात हे सगळ्यांना माहीत आहे आणि कुणीही बोलत नाही. मामीही दवाखान्याच्या भिंतींबाहेर कधी बोलल्या नव्हत्या.

या सगळ्या शहाणपणावर पाणी फिरवलं ते मी. नांदूरघाटच्या बाजूची एक सून आमच्याकडे गोळ्या घ्यायला यायची. वीस-बावीस वर्षांची, बोलणं अगदी कमी. नवरा-बायको दोघे दरवर्षी ऊसतोडीला जायचे. या वर्षी तिला धड उभंही राहवेना, म्हणून तो एकटाच टोळीबरोबर गेला आणि ती सासूजवळ घरी राहिली. सासूला आजाराचं नाव माहीत नव्हतं. कळलं तर सून त्याच दिवशी माहेरी पोहोचली असती, अशी त्या पोरीची खात्री होती. घरात अर्थातच ‘जंताची गोळी’ चालू होती. मामींनी तिच्या पांढऱ्या पडलेल्या नखांकडे बघून डबी दिली. डबी माझ्याकडे आली, मी काचेवर थेंब ठेवून पाहिलं, तर खरोखरच आकड्याच्या जंतांची अंडी! मामींना एवढा आनंद झालेला मी पाहिला नव्हता. ‘बघा जावई, मी काय खोटं बोलते का?’ पोरीला जंताची खरी गोळी मिळाली, एकच. लोहाच्या गोळ्या मिळाल्या, चपला मामींनी स्वतःच्या दिल्या. महिन्याने तिचा रंग पालटला. पुन्हा तपासलं तर एकही अंडं नाही. मी मोठ्या हौसेने बाहेर आलो आणि बाकावर बसलेल्या तिच्या सासूला सांगितलं, ‘आजी, जंत गेले. सगळे गेले.’ म्हातारीने मला हात जोडले. मीही जोडले. मामी तेव्हा आत होत्या.

पुढच्या महिन्यात ती सून आली नाही. मामींनी मला विचारलं, ‘तुमी तिच्या सासूला काय म्हनलाव?’ मी सांगितलं. मामींनी खिडकीतून तिच्या गोळ्यांची नवी बाटली घेऊन पिशवीत टाकली.

रविवारी सकाळी मी त्यांना मोटारसायकलवर घेऊन गेलो. म्हातारी अंगणात शेंगा फोडत होती, सून दाराआड उभी. ‘गोळी कावून बंद केली, आय?’ मामींनी विचारलं. म्हातारीने माझ्याकडे बोट केलं. ‘ह्ये सायबच म्हनले की, जंत गेले. मंग उगं रोज गोळी कशापायी? तरी ईस-एक दिस देली, पर पोट जळतंय पोरीचं.’ राहिलेल्या गोळ्या कुठे आहेत, असं मी विचारलं. ‘वाया कशाला घालू? शेळीला देल्या. तिलाबी जंत हायेत.’ खुंट्याला बांधलेली शेळी माझ्याकडे पाहत रवंथ करत होती. एरवी मला हसू आवरलं नसतं. पण सुनेच्या तोंडाकडे पाहिलं आणि मनात दिवस मोजले. बारा-तेरा दिवस गोळी नव्हती. आणखी काही दिवस गेले असते, तर आत दबलेला आजार पुन्हा उठला असता, आणि तो उठला की पुष्कळदा तीच गोळी त्याला पुरी पडत नाही. आणि हे सगळं त्या पोरीला कळत होतं. गोळी मागायची तर आजार सांगावा लागला असता, म्हणून ती गप्प राहिली होती. मला स्वतःची फार लाज वाटली.

मामींनी सुनेकडे पाहिलं. तिने खाली बघूनच मान हलवली. ती हो होती की नको होती, मला कळलं नाही; मामींना कळलं. त्यांनी बटवा सोडला, आपली खरवडलेली बाटली काढून शेंगांच्या सुपात ठेवली. म्हातारीने ती उचलली. सारखीच बाटली, सारखंच झाकण.

‘ही माजी हाय,’ मामी म्हणाल्या. ‘मलाबी जंत हायेत, आय. येगळे हायेत. संडासातून पडत न्हाईत, रगतात ऱ्हात्यात. जावयाच्या दुर्बिणीला त्ये दिसत न्हाईत. रोज गोळी घेतली की निजून ऱ्हात्यात, सोडली की उठत्यात. मालक गेले तवा माजी पोरगी रांगत व्हती. आता तिची पोरगी साळंत जाती. गोळीवर हाय मी.’

म्हातारी बाटली हातात फिरवत राहिली. वाचता तिला येत नव्हतं, आणि वाचायला त्यावर काही उरलंही नव्हतं. मग तिने अगदी हळू विचारलं, ‘माजं लेकरूबी रोज एक गोळी खातंय. आंगदुखीची म्हनतंय. तेबी जंतच का, बाई?’

मामी म्हणाल्या, ‘त्ये त्यालाच इचारा. पर चुकू देऊ नका म्हनावं.’

म्हातारीने पदर डोळ्यांना लावला, तसाच काढला, आणि उठली. सुनेला वाटलं, आता कपड्यांचं गाठोडं बाहेर येणार. तिने उंबरा घट्ट धरला होता. म्हातारी तांब्याभर पाणी घेऊन बाहेर आली. मामींनी आणलेल्या नव्या बाटलीतली गोळी तिने स्वतःच्या हाताने सुनेच्या तळहातावर ठेवली. ‘घे माय, जंताची गोळी घे.’ आणि मामींकडे वळून म्हणाली, ‘गल्लीत कुनी इचारलं तर मी जंतच म्हनीन. तुमीबी जंतच म्हना.’ नंतर तिने चहा टाकला.

परत येताना फाट्यावर मी गाडी उभी केली, तेव्हा मामी म्हणाल्या, ‘माज्या सासूनं माजा कप येगळा ठिवला व्हता, जावई. खिडकीत. मरंस्तवर तिनं त्यो कप आपल्या हातानं उचलला न्हाई. आन ह्या म्हातारीनं आर्धा च्या मला बशीत देला, आन राह्यलेला त्याच कपातून आपन पेली. मी उष्टी बशी खाली ठिवली तर तीबी उचलून तिच्यातला उरलेला घोट पेली. तुमी बघितलं का?’

मी त्या वेळी शेळीकडे पाहत होतो.

‘बघितलं, मामी,’ मी म्हणालो.