राखेतलं मटण

आमच्या फेस शहरातल्या गल्लीच्या हमामात, म्हणजे सार्वजनिक न्हाणीघरात, बायकांच्या पाठी घासणारी बतूल गावोगावच्या उरुसांना जायची ती पीराच्या नावाने, पण जीव सगळा पंगतीत. खाल्लेलं आठवून आठवून घरी शिजवायची. कृती विचारली की एकच उत्तर, "चव आठव, हात आपोआप चालतो." मी तिची शेजारीण. चव आठवण्याच्या नादात माझी भांडी तेवढी करपली, त्यामुळे या वाक्याचा मला मनस्वी राग आहे.

वसंतात ती मुलाची सोयरीक ठरवायला माराकेशला गेली आणि तंजिया खाऊन आली. तंजिया म्हणजे उभट मडक्यात लिंबाचं लोणचं, लसूण, जिरं घालून शिजवलेलं मटण. ते पोटात जाताच बाईंना जोर चढला. अशीच करून घालते, या फेसला, असं व्याह्याला सांगून बसली. व्याही सी जिलाली, म्हणजे आपले जिलालीराव, हसला. त्यांच्याकडे तंजिया पुरुष करतात, बायकांनी फक्त खायची. बाईच्या हातची जमली तर लग्न फेसला, नाहीतर माराकेशला, असं तो भर पंगतीत बोलून गेला. बतूलला तर एकुलत्या एका मुलाची वरात याच गल्लीतून हवी होती.

घरच्या गॅसवर तिने तीनदा केली. तिन्ही वेळा मटण झालं, तंजिया काही होईना. बतूल चिडचिडी झाली, आमच्या पाठी सोलून निघाल्या. मग एका दुपारी माझी पाठ घासता घासता ती थबकली आणि स्वतःची ओढणी हुंगायला लागली. मला वाटलं, डोकं फिरलं. ती म्हणाली, "अगं, त्या मटणाला हाच वास होता." हमामचं पाणी तापवणाऱ्या भट्टीच्या राखेचा वास. इतकी वर्षं तोच अंगावर घेऊन ती घरी जात होती.

भट्टीवर बाईमाणूस जात नाही. म्हणून गुरुवारी संध्याकाळी तिने मडकं भरलं, तोंडाला कागद बांधला आणि नवऱ्याच्या, सी अल्लालच्या, हातात दिलं. या गृहस्थाला अंडं उकडता येत नाही. पण रस्त्यात जो भेटला त्याला यांनी मडकं दाखवलं आणि भट्टीवाल्याला तर सांगितलं की ही आपल्या हातची आहे. मडकं रात्रभर गरम राखेत राहिलं.

शुक्रवारी सी जिलाली आला, आधी हमामात जाऊन मग ताटावर बसला. पहिल्या घासाला डोळे मिटले. दुसऱ्याला म्हणाला, "उत्तम. पण लग्न माराकेशला. भट्टीवाल्याने सांगितलं, ही सी अल्लालने केली."

बतूलचा चेहरा उतरला. मला रडू आलं. सी अल्लाल मात्र लाजून मिशीवरून हात फिरवत होता. शरम नाही मेल्याला.

बतूलने शांतपणे रोटीचा तुकडा मोडला. "मग सांगा ना व्याह्यांना, जिरं किती घातलंत?"

सी अल्लालने छताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी काय सांगू?

"चव आठवा," बतूल म्हणाली.

"दोन वाट्या," सी अल्लाल म्हणाला.

सी जिलालीला ठसका लागला. हसता हसता डोळे पुसत त्याने विचारलं, "तारीख कधीची धरायची, बतूल?"

"तुम्ही म्हणाल ती," ती म्हणाली. "फक्त त्या दिवशी भट्टीवर मडकी तुम्ही न्यायची."