चोपड्याहून धुळ्याला, दिवे काढलेल्या गाडीतून

चोपड्याचे कापसाचे व्यापारी आबा यांचं पत्र आलं तेव्हा जळगावात माझ्या हाताला काम नव्हतं असं नाही. पण विजेच्या कामाच्या माझ्या दुकानात मी एकटा, घरीही एकटाच. बायको जाऊन दोन वर्षं झाली होती. आबांनी लिहिलं होतं, "दोन सीटांची रेसची मोटार आहे. धुळ्यात घोड्यांच्या मैदानावर मोटारींच्या शर्यती आहेत. वायरी तपासून द्याव्यात." मी पिशवीत पक्कड, वायरी डाग देऊन सांधायचा कय्या आणि रबरी वायरचं भेंडोळं टाकलं आणि निघालो.

कुणाला तिकडे जायचं असेल तर सांगतो: सकाळच्या गाडीने धरणगावला उतरा, स्टेशनाबाहेर शेव-मुरमुरे खाऊन घ्या. चोपड्याची सर्व्हिस मोटार भरल्याशिवाय सुटत नाही. माझ्या शेजारच्या बाईच्या मांडीवर कोंबडी होती. तापीवर सगळे उतरून होडीत बसलो. पलीकडे सातपुडा दिसतो आणि केळीच्या बागा सुरू होतात. दाखवायला सोबत कुणी असतं तर, असं सारखं वाटत राहिलं.

आबा साठीचे, ताठ. गाडी कापसाच्या वखारीत झाकून ठेवलेली. मुलाने मुंबईहून आणली, बापाला चालवायला शिकवली, शर्यतीत नाव द्यायचं ठरवलं आणि एक दिवस भांडून आफ्रिकेला निघून गेला. पहिलं वर्ष पत्रं आली, मग थांबली.

बॉनेट उघडलं तर उंदरांनी वायरींचं रबर सोललेलं. तांबं उघडं, आणि खालून इंजिनाच्या धुराड्याचा तापणारा नळ. मैदानाच्या हादऱ्यांत तिथेच ठिणगी पडली असती. दोन दिवस मी एकेक वायर बदलत होतो. नळापासून लांबून नेली, पत्र्याच्या भोकांत रबराची कडी बसवली, टोकं डाग देऊन पक्की केली. सीटखालची बॅटरी बैलाच्या चामडी पट्ट्याने आवळली. आबांच्या हाताशी एकच मोठा खटका बसवला: ओढला की सगळी वीज बंद, इंजिनही बंद.

पुढचे दोन मोठे दिवे काढायला लागलो तर आबांनी हात धरला.

"त्या दिवा मना पोऱ्यानी हौसघाई लायेल शेतस. कसाले काढस?"

"आबा, मैदानात काच फुटली तर मागच्याच्या चाकाखाली जाईल. तुटलेली वायर पत्र्याला लागली तर आग लागेल."

ते बाहेर गेले. जेवणानंतर स्वतः पाना घेऊन आले, दिवे उतरवले आणि धोतरात गुंडाळून कपाटात ठेवले. मग म्हणाले, "पेपरमा मनं नाव छापाई जाई ना? मना पोऱ्या जठे व्हई तठे वाची."

तेवढ्यासाठी हे सगळं होतं.

तिसऱ्या दिवशी गाडी दोन होड्यांवर फळ्या टाकून तापीपार नेली आणि अमळनेरमार्गे धुळ्याला निघालो. रस्ता खडीचा, धूळ तोंडात. वाटेत एका मळ्यात भरीत-भाकरी मिळाली. आवाजात बोलणं ऐकू येत नव्हतं. पण दोन वर्षांत इतका वेळ कुणाशेजारी मी बसलो नव्हतो.

मैदानावर सहा गाड्या, दहा फेऱ्या. आबा सहाव्या फेरीपर्यंत चौथे होते. सातव्या फेरीला बॉनेटखालून पांढरा धूर निघाला आणि गाडी गप्प होऊन गवतात थांबली. मी धावत पोचलो. पेट्रोलची नळी तडकून तापल्या इंजिनावर गळत होती. आबा खटक्यावर हात ठेवून बसलेले.

"पेट्रोलना वास उना. तू सांगेल व्हतं, तसा मी खटका ओढा," ते म्हणाले. मी त्यांना उचलूनच बाहेर काढलं.

संध्याकाळी वहीत लिहिणाऱ्या बातमीदाराला त्यांनी आपलं नाव छापणार का ते विचारलं. तो म्हणाला, "काका, पहिल्या तिघांचीच छापतात." आबांनी मान डोलावली आणि ते टोपी झटकत राहिले.

गाडी नवी नळी बसेपर्यंत धुळ्यातच ठेवली. आबांना चोपड्याच्या मोटारीत बसवून मी रेल्वेने परतलो. निघताना त्यांच्याकडून मुलाचा आफ्रिकेतला जुना पत्ता मागून घेतला होता; वायरींबद्दल काही विचारायचंय म्हणालो.

घरी आल्यावर बायको गेल्यापासूनचं माझं पहिलं पत्र लिहिलं. तीनदा फाडलं. शेवटी एवढंच ठेवलं: "तुमची गाडी साडेसहा फेऱ्या धावली. वडील चालवत होते. ते सुखरूप आहेत. दिवे कपाटात आहेत."

हे आबांना मी सांगितलेलं नाही. उत्तरही अजून आलेलं नाही. पण आता गल्लीत पोस्टमन दिसला की मी हातातलं काम खाली ठेवतो आणि दारात येऊन उभा राहतो.