आधी दाखला

काळाचौकीच्या त्या चाळीत कुणाचंही पोर बारावी झालं, की पहिली फेरी जगदीश गमरेच्या खोलीत. जगदीश दादरच्या एका कॉलेजात एकतीस वर्षं शिपाई होता, पण चाळीत त्याचा मान प्राचार्याचा. अ‍ॅडमिशनच्या खिडकीशी उभं राहून तो एक गोष्ट शिकला होता, आणि ती म्हणजे काळ्या दगडावरची रेघ: आधी दाखला. शाळा-कॉलेज सोडल्याचा दाखला नसलेल्या कितीतरी मुलांना त्याने स्वतः रांगेतून परत पाठवलं होतं. त्यातली काही पुन्हा दिसलीच नाहीत.

त्याचा मुलगा सम्यक पुण्याजवळच्या एका बड्या विद्यापीठात पूर्ण स्कॉलरशिपवर लागला, तेव्हा जगदीशने चाळभर पेढे वाटले. वर्षभरात पोरगं वाळून आलं. तिथे त्याच्याशी कुणी वाईट वागत नव्हतं. कुणी बोलतच नव्हतं. मेसमध्ये तो एकटा जेवायचा आणि घरी फोनवर मित्रांची खोटी नावं सांगायचा. शेवटी त्याने बंगळूरूच्या तेवढ्याच नावाजलेल्या विद्यापीठात बदलीसाठी अर्ज केला. मे महिन्यात होकाराचा मेल आला. कौसल्या, त्याची आई, त्या दिवशी पहिल्यांदा त्याला पोटभर जेवताना बघून रडली.

"पप्पा, जागा पक्की झाल्याचं पत्र येईल. दाखला त्याच्यानंतर द्यायचाय," सम्यक म्हणाला.

"मेल लिहिणाऱ्याचं काय जातं? खिडकीवर उभा राहशील तेव्हा कळेल. कागद हातात असला, की कोण नाही म्हणत नाय."

सम्यकला पटलं नव्हतं. पण पप्पा या बाबतीत कधी चुकले नव्हते. दोघं जाऊन जुन्या विद्यापीठातून नाव काढून दाखला घेऊन आले. दाखला मळू नये म्हणून जगदीशने तो परळला लॅमिनेटही करून घेतला आणि त्याची प्रत बंगळूरूला पाठवून दिली.

पंधरा दिवसांनी बंगळूरूहून पत्र आलं. बदली फक्त शिकत असलेल्या विद्यार्थ्याची होते. तुमचं नाव मूळ विद्यापीठाच्या पटावर नाही, सबब होकार रद्द. जुन्या विद्यापीठाने सांगितलं, जागा आणि स्कॉलरशिप दुसऱ्याला गेली. जगदीश दोन वेळा तिथल्या फाटकापर्यंत जाऊन आला. साहेबांना भेटता आलं नाही. आयुष्यभर तो ज्या बाजूला उभा होता, त्याच्या समोरची बाजू त्याने तेव्हा पाहिली. तेलही गेलं, तूपही गेलं, असं चाळीत लोक म्हणाले, पण त्याच्यासमोर नाही.

सम्यक एका शब्दानेही बोलला नाही. तेच जगदीशला सोसवत नव्हतं. पोराने एकदा तरी शिव्या घालाव्यात, असं त्याला वाटे. सम्यक लोअर परळच्या मॉलमध्ये चपलांच्या दुकानात लागला. पुन्हा परीक्षा द्यायचं नाव काढलं, की तो नुसता "बघू" म्हणे.

पुढच्या जूनमध्ये शेजारची नम्रता दारात आली. तिला माटुंग्याचं कॉलेज बदलून फोर्टच्या कॉलेजात जायचं होतं.

"काका, दाखला आधी काढू का?"

जगदीशने मुलाकडे पाहिलं. सम्यक कामावर जायला बुटाची नाडी बांधत होता. त्याने मान वर केली नाही.

"नंतर काढ," तो शांतपणे म्हणाला. "तिकडची जागा हातात आल्यावर."

बॅग उचलून तो जिना उतरला. नम्रता अजून काकांच्याच तोंडाकडे बघत होती. जगदीशने मान डोलावली, जणू त्यालाही तेच सांगायचं होतं.