काकूला जायचं होतं

मी मोर्च्यांची पत्रकं लिहिते, त्यामुळे गोड बोलणाऱ्यांचा मला आधीच राग आहे. आणि आमच्या रायपुरात गोडव्याला तोटा नाही.

मागच्या उन्हाळ्यात काकूला घेऊन सदर बाजारात लग्नाच्या साड्या घ्यायला गेले होते. काकू बीपीसाठी लघवीची गोळी घेते. दुकानदार साड्या बांधत होता, तेवढ्यात तिनं माझं मनगट धरलं.

"पोट्टे, मले जा लागते. आत्ताच."

दुकानदाराला बाथरूमचं विचारलं. त्यानं हात जोडले. "क्या बताएँ माताजी, स्टाफ वाला है, आपके लायक नहीं है। आप ठंडा लीजिए न!"

शेजारच्या सराफाकडे गेलो. त्याचं हसू आणखी रुंद. पंखा आमच्याकडे वळवला. "आप बैठिए तो सही।"

"मले बसाचं नाही रे बाप्पा!" काकू म्हणाली.

कोणी 'नाही' म्हटलंच नाही, म्हणून भांडताही येईना.

तात्यापारा मोहल्ल्याकडच्या गल्लीत वळलो. काकू भिंत धरून चालत होती. आयुष्यभर शाळेत मुलींना शिस्त लावलेली ही बाई, भर रस्त्यात साडी ओली होईल या भीतीनं रडवेली झाली होती. एका दारात एक बाई पायऱ्या धूत होती. मी तोंड उघडण्याआधीच ओरडली, "अरे, कहाँ घुसी आ रही हो? अभी धोया है!"

मी अडचण सांगितली.

"तो खड़ी क्या है? चप्पल उतार, अंदर ले जा। दरवाज़े की कुंडी नहीं लगती, बाल्टी अड़ा देना।" मग घरात वळून, "ए जी, बाहर निकलो!"

तिचा नवरा बनियनवर, एका गालाला साबण, निमूट गल्लीत येऊन उभा राहिला.

काकू आत असेपर्यंत बाईनं मला झापलं. गोळीचं सांगितलं तर आणखी भडकली. "गोली खाती है और तू धूप में घुमा रही है? अकल बेच खाई?" मोर्च्यात माझा आवाज सगळ्यांत मोठा असतो. इथे मी मान खाली घालून ऐकलं. बोलणं कडू होतं, पण दार उघडं होतं.

काकू पदर सारखा करत बाहेर आली. चाल पुन्हा ताठ. आभार मानू लागली, तर बाईनं पाण्याचा पाइप उचलला.

"ठीक है, ठीक है। बाजार आओ तो सीधे इधर आना, अम्मा। घंटी मत बजाना, बिगड़ी है। आवाज़ देना।"

"हव," काकू म्हणाली.