आखरीच्या घराला आदी

हे अनुभवांचं सदर मी बसमध्ये वेळ जावा म्हणून वाचते, आणि निम्मे अनुभव वाचून मनातल्या मनात हसते, हे आधीच कबूल करून टाकते. आमच्या घरात देवघर नाही. बुद्धाची एक मूर्ती आणि पुस्तकांनी वाकलेलं एक कपाट. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. भुताचं नाव काढलं की "पुरावा दाखव" म्हणायचे आणि पुन्हा पेपरात डोकं घालायचे. मी विष्णुपुरीला कॉम्प्युटर इंजिनिअरिंग केलंय. त्यामुळे पुढचं वाचून कुणी हसलं तर माझा राग नाही. राग आहे तो वेगळ्याच गोष्टीचा... तो येईलच.

नांदेडमधल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत मी कामाला होते. कंपनीचं दुसरं ऑफिस लातूरला. वर्ष दुष्काळाचं होतं. दोन्ही जिल्ह्यांत टँकर सुरू होते आणि कुठला टँकर कुठल्या गावाला, किती फेऱ्या, कुठल्या क्रमानं — हे ठरवणारे प्रोग्रॅम आमच्या कंपनीकडे होते. नांदेडचा मी लिहिला, लातूरचा तिथल्या संगमेश्वर नावाच्या मुलानं. दोन ऑफिसं एकमेकांशी दिवाळीच्या शुभेच्छांपुरतीच बोलायची. त्याला मी कधी पाहिलेलंही नव्हतं.

मग आवई उठली की नवीन जिल्हा होणार. देगलूर-मुखेडकडचा थोडा भाग आमचा, उदगीरकडचा थोडा लातूरचा... व्हॉट्सॲपवर रोज वेगळी यादी. आमच्या सरांनी त्या आवईवरच आदेश काढला. उद्या जिल्हा झालाच तर तिसरा प्रोग्रॅम लिहीत बसायचं नाही, दोन्ही मिळून एकच करा, आणि सारखा कोड सापडेल तिथे एक प्रत ठेवून दुसरी काढून टाका. काम माझ्या गळ्यात पडलं. माझं प्रोबेशन संपत आलं होतं, कायम झाल्याचं पत्र त्याच महिन्यात मिळणार होतं. नाही म्हणायची सोय नव्हती.

ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तोच कोड दोन ठिकाणी असला की एकीकडची दुरुस्ती दुसरीकडे करायची राहून जाते. मी स्वतः बिलोली तालुक्याचा कोड उचलून नायगावला चिकटवला होता. पुढे बिलोलीच्या फेऱ्या दुरुस्त केल्या आणि नायगावला आठवडाभर जुन्याच चालू राहिल्या. लोकांनी शिव्या घातल्या, त्या मला लागू होत्या. असे सारखे तुकडे शोधून देणारं टूल असतं. दोन्ही प्रोग्रॅम त्याच्यापुढे टाकायचे, ते यादी काढून देतं.

यादी आली. बहुतेक किरकोळ होतं, तीन-चार ओळींचं, कुणीही लिहिलं तरी तसंच लिहील असं. पण सगळ्यात वर एक तुकडा होता. त्रेचाळीस ओळी, शंभर टक्के सारख्या. शंभर टक्के म्हणजे अक्षर न् अक्षर, मधल्या मोकळ्या जागांसकट.

त्या ओळी माझ्या होत्या. कुठे बसून लिहिल्या तेही मला आठवत होतं. चार दिवस सुट्टी टाकून गावी गेले होते, अंगणात लिंबाखाली बाजेवर बसून लिहिल्या. फोनला रेंज नव्हती, नेट तर सोडाच.

त्यात काय होतं तेही सांगते. आमची वस्ती गावाच्या शेवटी आहे. का शेवटी, ते तुम्हाला माहीतच आहे. मी लहान असताना टँकर वेशीपासून घरोघर पाणी देत यायचा आणि आमच्यापर्यंत येईतो त्याचा तळ लागलेला असायचा. मग आई त्याच्यापुढे जाऊन उभी राहायची, कमरेवर घागर घेऊन, आणि म्हणायची, "आखरीच्या घराला आदी." एक दिवसाआड तरी उलटीकडून सुरू कर, असा तिचा हट्ट. मी तेच कोडमध्ये घातलं होतं. एक फेरी सुलटी, एक उलटी, शेवटच्या घरापासून. वर टीप म्हणून आईचं वाक्य, इंग्रजी अक्षरांत. आणि सरकारी यादीत ज्या वस्त्यांची घरं मोजलेलीच नव्हती, तिथे अकरा घरं धरायची. अकरा का? तर आमच्या वस्तीत अकरा घरं, म्हणून.

लातूरच्या फायलीत हे सगळं होतं. उलटी फेरी होती, आईचं वाक्य होतं, अकरा होते. टँकरचं इंग्रजी स्पेलिंग मी शाळेपासून चुकवते, 'ए'च्या जागी 'ई' घालते... तेसुद्धा होतं. आणि लातूरच्या कोडची तारीख माझ्यापेक्षा चार महिने आधीची होती.

यादी सरांकडेही गेली होती. त्यांनी केबिनमध्ये बोलावलं.

"वैशाली, परीक्षेत नक्कल कशी पकडतात? दोन पेपरांत एकच चूक सापडली की."

"सर, लातूरचा कोड मी या सोमवारी पहिल्यांदा उघडला. त्याआधी मला परवानगीच नव्हती."

"पेन ड्राइव्ह नावाची एक वस्तू असते."

"सर, ते वाक्य माझ्या आईचं आहे."

"मग लातूरवाल्याची आई बी तेच म्हणत असंल," सर म्हणाले आणि माझ्या पत्राची फाइल ड्रॉवरमध्ये टाकली.

तो आठवडा मी कसा काढला ते माझं मला माहीत. डब्याच्या वेळी टेबलावरची बोलणी मी आले की थांबायची. ज्या माणसानं आयुष्यभर वर्गात कॉपी होऊ दिली नाही, त्याची मुलगी कॉपी करताना सापडली... आणि सापडली कशात, तर आईच्या तोंडच्या वाक्यात. वडिलांना फोनवर काही सांगायची हिंमत झाली नाही. सर्व्हरचं घड्याळ चुकलं असेल म्हणून तेही तपासलं. बरोबर होतं. शेवटी शुक्रवारी रजा टाकली आणि सकाळच्या एसटीनं लातूर गाठलं. लोहा, अहमदपूर, चाकूर — सगळ्या रस्त्यानं टँकरच टँकर. लातूरमध्ये लोकांनी दारातल्या ड्रमांना कुलपं लावलेली होती. मी भांडायला चालले होते, हे मोकळेपणानं सांगते. काय बोलायचं ते बसमध्ये पाठ करून ठेवलं होतं.

संगमेश्वर किडकिडीत, कपाळाला विभूती, आवाज इतका हळू की पुढे वाकून ऐकावं लागे. मी नाव सांगितल्याबरोबर उठून उभा राहिला.

"बसा मॅडम. पानी घ्या आदी."

ग्लास अर्धाच भरला. त्या वर्षी लातुरात कुणीच पूर्ण भरत नव्हतं.

"माझी आई तुम्हाला कुठे भेटली?" मी सरळच विचारलं.

"न्हाई भेटली. तुमची यादी आली तवापासून मला जेवन गोड न्हाई मॅडम. ते मीच लिहिलंय. पन कसं लिहिलं म्हायीत न्हाई."

"म्हणजे?"

"दुपारी जेवून बसलो. काम दुसरंच करून राहिलो होतो. सव्वाचारला बघतो तर हे पूर्न झालेलं. चालवून बघितलं तर पहिल्याच झटक्यात चाललं. माझा कोड पहिल्या झटक्यात जन्मात चालला न्हाई."

"अकरा का लिहिलंत?"

"तेच इचारून राहिलोय मी सोताला."

"आणि आखरीच्या घराला आदी?"

तो ओशाळून हसला. "आमचं घर उदगीरला, बाजारात, पहिलंच. वडलांचं आडतीचं दुकान, मागं घर, घरात बोअर. आखरीचं घर कसं असतं ते आम्हाला काय म्हायीत? ते वाक्य काढून टाकावं म्हनलं दोनदा. हात गेला न्हाई."

मी पाठ केलेलं सगळं भांडण माझ्या तोंडात तसंच राहिलं. तो म्हणाला, "एक सांगू? हसू नका. त्या दिवशी माझी डावी कमर लई दुखली. घागर वाहिल्यावानी. अव्वानं, म्हंजे आमच्या आईनं, तेल लावून दिलं. मी उभ्या जन्मात घागर उचलली न्हाई, ताई."

मॅडमची ताई कधी झाले ते त्याच्याही लक्षात आलं नसावं.

तिथेच बसून आम्ही दोघांनी मिळून सरांना ईमेल लिहिली. कुणी कुणाचं चोरलेलं नाही, कसं झालं ते सांगता येत नाही, एवढंच. सोमवारी उत्तर आलं. 'दोघांनी एकाच वेबसाइटवरून उचललेलं दिसतं. इथून पुढे इंटरनेटवरून कोड घेऊ नये, ही दोघांना समज.' आणि त्याच दिवशी माझं कायम झाल्याचं पत्र टेबलावर आलं.

माझा राग आहे तो याचा. अशी वेबसाइट कुठेच नाही. मी ते वाक्य आणि ते चुकीचं स्पेलिंग घालून सगळीकडे शोधलंय. पण सरांना एक कारण मिळालं, ते खोटं असलं तरी टेबलावर बसलं, आणि विषय संपला. समजपत्रावर सही केल्याशिवाय कायम झाल्याचं पत्र मिळणार नव्हतं. मी सही केली. म्हणजे न केलेली नक्कल कबूल केली आणि पोट भरलं. आजही ते आठवलं की माझं डोकं फिरतं.

पुढच्या रविवारी गावी गेले. वडील वाचनालयात गेले होते. आई ओसरीवर सुपात तूरडाळ निवडत होती, डावा पाय लांब करून, ती नेहमी बसते तशी. मी तिला सगळं सांगितलं, आणि बोलता बोलता म्हणाले, "आपली अकरा घरं, ते तरी त्याला कसं कळलं?"

"अकरा कुटली?" आई म्हणाली. "धाच हायती आपली."

तिनं बोटं मोजून एकेका घराचं नाव घेतलं. मीही मोजलं. दहाच झाली. मी त्या वस्तीत वाढले, आणि घरं कधी मोजलीच नव्हती.

"पण तू टँकरवाल्याला अकरा सांगायचीस. मी कितीदा ऐकलंय."

आईनं आधी रस्त्याकडे बघितलं, वडील येत नाहीत ना म्हणून. मग आवाज खाली आणून म्हणाली, "जनावराचं पानी सरकार कुटं मोजत होतं? घरामागं एक ड्रम. मग एक घर वाढवून सांगायची मी. त्यो ड्रम म्हशी-शेळ्यायचा. तुझ्या बापाला कळलं असतं तर तहसीलदाराला पत्र लिहून माफी मागितली असती त्यायनं."

"हे कुणाकुणाला माहीत होतं?"

"कुनाला न्हाई. तुला बी आज सांगून राहिले." तिचा सुपातला हात थांबला. "मग त्या पोराला कोन सांगितलं?"

मी योगायोग मानून पाहिला, पण योगायोग त्रेचाळीस ओळी मोकळ्या जागांसकट लिहीत नाही. वडिलांना पुढे हिंमत करून सांगितलं, अकराचं सोडून. ते पहिल्यांदाच पुरावा दाखव म्हणाले नाहीत, कारण पुरावा मी छापूनच नेला होता. नवीन जिल्हा काही झाला नाही. दोन्ही प्रोग्रॅम मात्र एक झाले. दोन प्रतींतली एक काढायची होती, म्हणून मी माझी काढली आणि त्याची ठेवली. एक अक्षर बदलावं लागलं नाही. सरांनी मध्येच "अकराचे दहा करा, राउंड फिगर बरी दिसते" असं सुचवलं, तेव्हा मी नोकरीत पहिल्यांदा त्यांना नाही म्हणाले, आणि का ते सांगितलं नाही.

त्या रविवारी मी निघाले तेव्हा आई फाट्यापर्यंत सोडायला आली. डाव्या पायानं जरा ओढत चालते ती, बऱ्याच वर्षांपासून. बस दिसायला लागली तसं तिनं विचारलं, "डावी कमर म्हनला ना त्यो?"

"हो."

"त्याला म्हनाव, मधी मधी बाजू बदलत जावी. मी बदलली न्हाई."

निरोप मी फोनवर दिला. तो 'हाव ताई' म्हणाला आणि आईची तब्येत कशी आहे ते विचारलं.