सुकटीचा भार

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. आमची जुनी आलिशान टर्बो गाडी म्हसळ्याच्या चढावर धापा टाकू लागली, तेव्हा मी बायकोवर खेकसलो, "तुझ्या सुकटीचा भार!"

"सुकट हाय, दगड न्हाय!" म्हणत ती पिशव्यांसकट उतरली.

दुसऱ्या दिवशी बॉनेट उघडलं, तर हवेच्या नळीत माझंच फाटकं बनियन! साफसफाईत धूळ जाऊ नये म्हणून कोंबलं आणि विसरलो. ते गुपचूप उपसून डिकीत लपवलं, बायकोला शेजारी बसवलं, आणि सुकटीविना गाडी शीळ घालत चढ चढली.

"म्हणजे सुकटीचाच भार होता, अहो," ती हिरमुसून म्हणाली.

"व्हय," मी म्हणालो.

तेव्हापासून ती बोर्लीच्या बाजाराला रिक्षानेच जाते. दरवेळी मी म्हणतो, "चल, सोडतो." पुढचं "चुकलो" मात्र बनियनासारखं घशात अडकतं.